न वाजणाऱ्या टाचा

प्रिय भिंगरी,

सोबतचं पुडकं लगेच उघडू नकोस. तुला लहानपणापासून दोरी सोडवायची घाई. गाठ न बघता ओढायचीस आणि मग ती अधिकच घट्ट बसायची. या खेपेला म्हाताऱ्याचं ऐक. पुडकं खिडकीत ठेव, चहा करून घे आणि पत्र वाचून झाल्यावरच त्याला हात लाव. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोला बाबा" म्हणतेस आणि मला परीक्षकासमोर उभं केल्यासारखं काही सुचेनासं होतं. शिवाय आपला फोन बैठकीच्या खोलीत, आणि तुझी आई दिवसभर तिथेच बसलेली. तिच्यादेखत बोलण्यासारखं हे नाही. आत्ता ती आत दुपारची पडली आहे, पायाशी फळी लावून. त्या फळीपासूनच सांगायचं आहे, पण मला कुठलीही गोष्ट थेट सांगता येत नाही हे तुला ठाऊक आहेच.

इथलं सगळं आहे तसंच आहे, म्हणजे थोडं थोडं कमी होत चाललं आहे. खालचा घड्याळजी दुकान विकून मुलाकडे गेला. जाताना भिंतीवरची घड्याळं उतरवून नेली, त्यांच्या जागी पांढरे गोल राहिले आहेत. येता-जाता मी सवयीनं त्यांच्याकडे बघतो आणि वेळ न कळताच पुढे जातो. आपला कारखाना आता कुणाचं तरी गोदाम झाला आहे. मी मात्र अजून सकाळी उठून कविता म्हणतो, त्याच शाळेतल्या, मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटत घोकून घेतलेल्या. त्यानंतर आयुष्यात नवीन काही पाठ झालं नाही आणि ते जुनं काही पुसलं गेलं नाही. तुझी आई शेजारणीला सांगते की यांचा चौथीचा वर्ग अजून सुटलेलाच नाही, घंटा वाजली पण हे आपले बाकावरच.

थंडी सरताना तुझ्या लेकीनं आईला फोन केला होता. पुढच्या शिक्षणाला परगावी प्रवेश मिळाला म्हणून सांगत होती. आई तिच्याशी हसून बोलली, उबदार कपडे ने म्हणाली, पहिल्या दिवसापासून जेवणाची हेळसांड करू नकोस म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ पदरानं रिसीव्हर पुसत बसली. मग मला म्हणाली, "पोरीची खोली बघायची राहूनच गेली." तेव्हापासून ती मला त्या खोलीबद्दल विचारते. मी तुझ्याकडे येऊन गेलो आहे, मला ती माहीत आहे. पिवळा पडदा आहे, पलंग खिडकीला लागून आहे, टेबल डुगडुगू नये म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, भिंतीवर तिनं लहानपणी काढलेला माशासारखा दिसणारा घोडा आहे. मी सांगतो आणि ती डोळे मिटून ऐकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, पलंगावर निजल्यावर खिडकीतून झाड दिसतं की नुसतं आभाळ? आता मी कधी त्या पलंगावर निजून बघितलं आहे? पोरगी महिनाभरात जाईल. मग पडदा राहील, पलंग राहील, पण ती खोली तिची उरणार नाही.

तुला आठवतं का, शाळेत बाईंनी विचारलं होतं, आईवडील काय करतात? तू ठणकावून सांगितलंस की आई पाय आहे आणि बाबा टाच आहेत. वर्ग आठवडाभर हसत होता आणि बाईंनी काळजीनं मला बोलावून घेतलं. पण तुझं काय चुकलं होतं? कारखान्यात सगळे आम्हाला याच नावांनी हाक मारत. बायकांचा नवा बूट आधी एकाच मापाचा तयार व्हायचा, आणि त्या मापाचा निर्दोष पाय असलेली एक बाई तो घालून चालून दाखवायची. कुठे चावतो, कुठे ढिला पडतो, तोल कुठे जातो, ती सांगेल ते शेवटचं. मग त्यावरून लहानमोठी सगळी मापं निघायची. तो पाय तुझ्या आईचा. कामगारांपासून मालकापर्यंत सगळे म्हणत, "पायाला विचारा." मी उंच बुटांच्या लाकडी टाचा कोरायचो. पहिल्यांदा तिनं माझी टाच घालून फेरी मारली आणि वळून म्हणाली, "डावी टाच बोलते आहे." मी उजवी-डावी दोन्ही कानाशी नेऊन टकटक केली, मला काही ऐकू येईना. ती म्हणाली, तिच्यावर उभं राहिल्याशिवाय कशी बोलेल? सगळा विभाग हसला. मी ती टाच कानशीनं घासली, तिनं पुन्हा फेरी मारली, पुन्हा घासली, पुन्हा फेरी. संध्याकाळपर्यंत टाच गप्प झाली होती आणि माझी मात्र वाचा फुटली होती. घरी जाताना तिला मी वाटभर कविता ऐकवल्या. तिनं त्या सगळ्या ऐकून घेतल्या, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

दिवसभर उंच टाचांत चालायचं, आणि घरीही पायात तिच्या त्या उंच टाचांच्या सपाता. मला त्यांचा आवाज फार आवडायचा. मास्तरांनी आम्हाला लघु-गुरू बोटांवर मोजायला शिकवलं होतं, आणि मी स्वयंपाकघरातल्या त्या पावलांत वृत्तं शोधत पडून राहायचो. ती रागावली की सगळे लघु. तू झोपली असलीस की गुरूच गुरू. तुझी आठवण वेगळी असेल, ते मी समजू शकतो. तू फरशीवर बसून ठोकळ्यांची गावं मांडायचीस, आणि ती स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्यानं एखादं घर सरकवून द्यायची. खाली बस ना म्हणून तू तिचा हात ओढायचीस. ती कधी बसली नाही. तुला गोल गोल फिरून चक्कर आली आणि तू फरशीवर पडलीस, तरी ती वाकून तुला उचलायची, जवळ उकिडवी बसायची नाही. पुढे मोठी झाल्यावर तू म्हणालीस की बाई ताठ आहे. मी म्हणालो, स्वभाव असतो एकेकाचा.

आता त्या दाराचं लिहितो. इतकी वर्षं आपण तिघांनी त्याच्या आजूबाजूनं चालत दिवस काढले. तुझ्या होणाऱ्या सासरी आपण पहिल्यांदा गेलो होतो. तुझ्या सासूबाईंनी ती लाकडी जमीन नुकतीच घासून पॉलिश करून घेतली होती, मधासारखी दिसत होती. दारातच बुटांचं कपाट आणि एक बाक. आपण सगळ्यांनी जोडे काढले. जावईबापूंनी तर मोजेसुद्धा काढले, इतके ते घाबरलेले. आई दारात थांबली. म्हणाली, मी इथेच बरी आहे. आणि बुटांच्या बाकावर बसली, पायातले बूट न काढता. आत सगळी बोलणी झाली, हसणं झालं, तारीख ठरली, आणि तिचा चहा त्या बाकावर नेऊन दिला गेला, टपालवाल्याला द्यावा तसा. सासूबाईंनी बशी ज्या रीतीनं ठेवली ती रीत मला अजून दिसते. रस्त्यावर आल्यावर तू रडतही नव्हतीस. तू म्हणालीस, "आई, तुझे बूट तुला माझ्यापेक्षा मोठे आहेत." आणि ती चालता चालता म्हणाली, "समज तसं." तिच्या टाचा पुढे वाजत गेल्या, सगळे लघु. मी मधे चालत होतो. एवढ्या कविता पाठ असलेल्या माणसाला तेव्हा एक साधं वाक्य जोडता आलं नाही.

लग्न नोंदणी कचेरीत झालं, तिथे दगडी फरशी होती, ती आली. त्यानंतर तुझ्या घरात ती आली नाही. सासूबाई होत्या तोवर नियम त्यांचा होता, त्या गेल्यावर तू तो पाळत राहिलीस, आणि घर तुझं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. मी वर यायचो, जोडे काढायचो, चहा घ्यायचो. ती खाली बागेतल्या बाकावर थांबायची. तू मुलीला खाली पाठवायचीस. आजी-नात बाकावर बसून बोलायच्या. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचं. ऊन असलं तर बरं, थंडीत ती गळ्याभोवती शाल आवळून, पायावर पाय ठेवून बसायची, आणि वर खिडकीकडे चुकूनही बघायची नाही. तूही खिडकीपाशी यायची नाहीस, ओट्याजवळ उभी राहून तोच कप पुन्हा पुन्हा विसळायचीस. तुम्हा दोघींचं हे साम्य मी कुणाला सांगितलं नाही. पोरगी मोठी झाली, तिचे क्लास, तिच्या मैत्रिणी, आणि बाकावरची भेट वाढदिवसापुरती उरली.

थंडीच्या सुरुवातीला आई न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही म्हणून तुला कळवलं नव्हतं, रागावू नकोस. ओल्या फरशीवर अनवाणी होती आणि सरळ मागे कोसळली. अस्थितज्ज्ञानं सगळं तपासलं आणि सहज म्हणाला, आजी, बूट काढून जरा उभ्या राहा. ती नाही म्हणाली. तो हसला, पुन्हा म्हणाला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, तिला कपडे काढायला सांगितले आहेत. शेवटी उभी राहिली, दोन्ही चवड्यांवर, नाचणाऱ्या मुलीसारखी. टाचा टेकवा, तो म्हणाला. तिनं प्रयत्न केला. टाचा खाली जाईनात. जरा रेटल्या की ती अख्खी मागे कलायची. तिनं टेबल धरलं, पोटऱ्या दगडासारख्या वर आल्या होत्या आणि चेहरा घामानं भिजला होता. मी धरायला पुढे झालो, तर माझा हात बाजूला सारून, डॉक्टरकडे न बघता, ती मला म्हणाली, "त्या दिवशी दारात हेच होतं."

मला आधी कळलंच नाही कुठला दिवस, कुठलं दार. मग कळलं.

पुढच्या आठवड्यात आम्हाला त्याच दवाखान्यातल्या एका खोलीत पाठवलं. एक तरुण मुलगी यंत्र घेऊन बसली होती. तिनं आईला पालथं निजवलं, पाय एका हलत्या फळीला पट्ट्यांनी बांधला आणि पोटरीवर थंडगार मलम लावून एक लहानशी दांडी टेकवली. पडद्यावर पोटरीचं चित्र उमटलं. पाय बोटं खाली करून सैल सोडला होता तेव्हा ते चित्र शांत निळं होतं. मग तिनं फळी हळूहळू फिरवून चवडा नडगीकडे आणला, आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं लालभडक झालं. बोटं जरा आत-बाहेर वळवली की तो रंगही पोटरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकायचा. ताडून बघायला तिनं मलाही टेबलावर चढवलं. जन्मभर नमुन्याचा पाय तुझ्या आईचा होता, त्या दिवशी पहिल्यांदा माझा झाला. पाय काटकोनात आणला तरी माझी पोटरी हिरवीच होती. आईची त्याच्या कितीतरी आधी पेटून उठलेली. मुलगी फार छान समजावून सांगत होती. म्हणाली, पोटरी गुडघ्याच्या वरून निघते आणि जाड दोरीसारख्या कंडरेनं टाचेला बांधलेली असते. टाच उचललेली असली की दोन्ही टोकं जवळ येतात, स्नायू सैल पडतो. टाच खाली नेली की तो ताणतो आणि कडक होतो. स्नायू तोच, पाय कसा धरला आहे त्यावर तो मऊ की कडक ते ठरतं. मात्र वर्षानुवर्षं टाच उचललेलीच ठेवली तर त्याला तेवढीच लांबी आपली वाटू लागते, आणि मग सपाट जमीन ही त्याच्यासाठी चढण होते.

मी परतताना ट्राममध्ये त्याचाच विचार करत होतो. आपण दोघं तिला कडक म्हणत आलो, भिंगरी. घरात त्या उंच सपातांवर ती केवढी मऊ होती. तुझ्या तापात तुला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत खोलीत फेऱ्या मारायची, तेव्हाही ती चवड्यांवरच चालत असायची आणि मला वाटायचं, तुझी झोप मोडू नये म्हणून. जे वृत्त मी कान देऊन ऐकत होतो, ते एका पोटरीचं आखडत जाणं होतं, आणि त्या टाचा माझ्याच हातच्या होत्या.

सांगितलं का नाहीस, असं मी तिला विचारलं. एकदाच विचारलं. ती बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली की पायाला दुखतं असं पायानंच सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरा पाय आणतील. मालकाची बायको दर वर्षी येऊन तिचा पाय न्याहाळायची, एखाद्या भांड्याला पोचा आला आहे का ते बघावं तशी. म्हणून लपवायची सवय लागली, आणि कारखाना सुटला तरी ती सवय सुटली नाही. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली आणि आम्ही दोघं त्यावर हसलो, तिच्या पडण्यानंतर पहिल्यांदाच. शेवटच्या वर्षांत कारखान्यानं सपाट चपला काढायला घेतल्या होत्या. नमुना तिच्या पायात गेला की ती म्हणायची, टाच अंमळ वर हवी. मी चामड्याचा एक थर वाढवायचो. अजून अंमळ. अजून एक थर. पायाचा शब्द शेवटचा, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. त्या चपला सपाट म्हणून विकल्या गेल्या आणि सगळं गाव काही वर्षं उगाचच थोडं पुढे झुकून चाललं. "बरं झालं की," ती म्हणाली, "सगळे घाईत असल्यासारखे तरी दिसले." मग हसता हसता सालीची पाटी घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तेव्हापासून फळी आहे. भिंतीला हात टेकून, गुडघा सरळ ठेवून, उतरत्या फळीवर चवडा वर, टाच खाली असं पाऊल ठेवायचं आणि तसंच धरून उभं राहायचं. झटका द्यायचा नाही, हिसडा दिला की पोटरी चिडून आणखी आवळते. हळूहळू ताण देऊन थांबलं की ती जरा ऐकते. किती वेळ थांबायचं ते मी कवितेनं ठरवतो. मास्तरांची एक लांबलचक कविता होती, एक मेंढपाळ एकेक मेंढरू खांद्यावर घेऊन नदी पार करतो, जेवढी मेंढरं तेवढी कडवी. एका कडव्यापुरता पाय धरायचा, मग सोडायचा. आता ती कविता-बिविता म्हणत नाही, सरळ विचारते, आज किती मेंढरं? कळ फार आली की ओरडते, "अहो, त्या माणसाला जरा भरभर चालायला सांगा, नदी काय समुद्र आहे का!" मी तिच्या सपातांच्या टाचा आठवड्याला पातळ पापुद्र्याएवढ्या उतरवत होतो, तिला फरक जाणवू नये इतपतच. नातीचा फोन आला तेव्हापासून तर ती माझ्या आधी भिंतीपाशी उभी असायची. तिचं म्हणणं एवढंच होतं की पोरगी जाण्याआधी त्या लाकडी जमिनीवर अनवाणी चालत जायचं, कुणाचा हात न धरता, थेट खोलीपर्यंत. मला म्हणाली, भिंगरीला आधी सांगू नका, मी दारात बूट काढीन तेव्हा तिचं तिलाच दिसेल.

गेल्या आठवड्यात यंत्रावरच्या मुलीनं पुन्हा तपासलं. थोडा फरक पडला आहे, टाच तीन बोटांवरून दोन बोटांवर आली आहे. पण आता यापुढे नाही, ती म्हणाली. या वयात एवढं ऐकलं हेच पुष्कळ. याखाली नेलं की पडद्यावर पुन्हा सगळं लाल. दोन बोटं टाच राहू द्या आणि तोल सांभाळा. आईनं तिचे आभार मानले, तिच्या नखांच्या रंगाचं कौतुक केलं, आणि बाहेर येऊन बूट घालताना म्हणाली की आता त्या खोलीचं राहू द्या. आज सकाळीही ती फळीवर उभी राहिली. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली, त्या मेंढपाळाला मधेच नदीत कसं सोडायचं? त्या कवितेचं शेवटचं कडवं मला येत नाही, भिंगरी. मागे राहिलेल्या कोकराचं आहे एवढं आठवतं. मास्तर तिथवर पोचायचे आणि दर वेळी घंटा व्हायची.

आता पुडकं उघड. आत सपातांची एक जोडी आहे, दोन बोटं उंच टाचांची. टाचा मी कोरल्या आहेत, हात थरथरतात म्हणून डावीची कड जरा ओबडधोबड झाली आहे, पण तिच्यावर उभं राहिलं तर तोल नीट आहे. तळाला पातळ रबर लावलं आहे, म्हणजे तुझ्या जमिनीवर ओरखडा उठणार नाही आणि तिचा पायही घसरणार नाही. त्या वाजणारही नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी न वाजणाऱ्या टाचा केल्या आहेत, आणि करताना फार जड गेलं, ते असू दे. या सपाता रस्त्यावर कधी ठेवलेल्या नाहीत. कामाच्या टेबलावरून त्या थेट कागदात गेल्या आहेत, तेव्हा तुझ्या घराचा नियम मोडत नाही. आईला यातलं काही माहीत नाही. पोरगी जायच्या आधीच्या रविवारी मी तिला बागेतल्या बाकापर्यंत घेऊन येईन, तिथवर ती येते. या वेळी मुलीला खाली पाठवू नकोस, तू ये. तिला काही समजावू नकोस, माफी मागू नकोस आणि तिलाही मागू देऊ नकोस, ती उठून जाईल. नुसतं म्हण, आई, वर चल. येईलच असं मी सांगू शकत नाही. पण आली, तर तिला उंबऱ्यापाशी सपाता दिसायला हव्यात. त्या बुटांच्या कपाटात ठेवू नकोस. दाराच्या आत, जमिनीवर ठेव, आणि त्यांची तोंडं घराच्या आत वळवून ठेव.

तुझाच,
बाबा